साळिंदर नव्हे

तीन आठवडे आम्ही चीज खाल्लं.
बालवाडीच्या दारावर चिठ्ठी होती:
पुठ्ठ्याच्या गोल डब्या, प्रत्येकी दोन,
एक तळाला, एक वर.
श्रीरंगला त्या चीजचा वास ओल्या मोज्यांसारखा येतो,
तरी लिंबाच्या लोणच्याशी लावून लावून त्याने संपवलं.
पोरासाठी माणूस काय काय गिळतो.

नोव्हेंबरात ओल्डनबुर्गला पाचाच्या आधीच अंधारतं.
मुलं हातात कंदील घेऊन गल्लीतून फिरतात,
मागून मोठी माणसं छत्र्या घेऊन.
ओजसला इगेल हवा होता.
म्हटलं, करू या साळिंदर.
"साळिंदर नाही. इगेल."
अरे तेच ते, काटे असतात ना?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं व्हिसाच्या खिडकीतली बाई पाहते
एक कागद कमी पडल्यावर.
इगेल ओंजळीत मावतो,
पानांच्या ढिगाखाली झोपतो,
त्याला दूध द्यायचं नसतं,
हे सगळं त्याला ठाऊक.
माझ्याकडे त्या प्राण्याला शब्दच नव्हता.
जो कधी अंगणात आला नाही
त्याला हाक कशी मारणार?

रविवारी सकाळी डिंक संपला.
नळी पिळली, दुमडली, लाटण्याने लाटली,
शेवटी एक बुडबुडा आला, फुस्स.
दुकानं बंद. इथला रविवार कडक सोवळ्यातला,
खिळा ठोकायचा नाही,
रिकाम्या बाटल्या टाकायला जायचं नाही,
डिंक तर नाहीच नाही.

मग पातेल्यात मैदा घेतला.
मंद आचेवर, गुठळी होऊ न देता,
एका हाताने ढवळत, दुसऱ्या हातावर रेवा.
कुणी शिकवलं, आठवत नाही.
वह्यांची कव्हरं, पतंगाचं फाटलेलं पोट,
असं काहीतरी मनगटात शिल्लक होतं.
चिमूटभर मोरचूद घालतात, एवढंही आठवलं.
मोरचूद कुठून आणू? मीठ घातलं.

वरच्या मजल्यावरची विबके कात्री द्यायला आली,
पातेल्यात डोकावली.
"लापशी?"
नाही, खळ.
तिने बोट बुडवलं, अंगठ्याला चिकटवून पाहिलं,
आणि कोट न काढता खुर्चीत बसली.
तिची आजी भिंतींना कागद लावायची तो याच चिकीने.
एका हिवाळ्यात उरलेली खाल्लीही होती म्हणे,
हे सांगताना ती हसली, जरा उशिरा.
मग वर गेलीच नाही.
तपकिरी कागदाचे काटे कापत बसली,
एकेक मोजत, तिच्या भाषेत;
मी माझ्या भाषेत मोजत चिकटवत गेले.
मधे कुठेतरी हिशेब चुकला.
इगेल एका बाजूने टकला राहिला.

मिरवणुकीला भुरभुर होतीच.
पुढे लाल झग्यातला घोडेस्वार.
घोडा चौकात थांबून नको ते करून गेला,
मुलांना सगळ्यात जास्त तेच आवडलं.
आमच्या काठीचा दिवा हलवला की विझे,
थापट मारली की लागे,
श्रीरंग दर कोपऱ्यावर थापट मारत होता.
"छान उंदीर आहे," एक आजोबा म्हणाले.
ओजसने मान ताठ करून सांगितलं, "इगेल!"
मग माझ्याकडे बघून,
मला बरं वाटावं म्हणून असेल,
हळूच, मराठीत:
"साळिंदराचं बाळ."

मार्चमध्ये सायकली काढायला तळघरात गेलो
तर खोक्यात नुसत्या चीजच्या डब्या
आणि तारेचा आकडा.
काटे फरशीभर.
मागची बाजू चाटूनपुसून लख्ख.
खळ उंदराने खाल्ली होती, मिठासकट.
ओजस उकिडवा बसून बघत राहिला.
मला वाटलं, आता रडतो.
डबी उचलून त्याने आधी वास घेतला.
"आई, यालापण चीज नाही आवडत,
बाबासारखंच."